कॅलिफोर्नियात ॲस्बेस्टॉस काढायला माणूस बोलवताय? आधी त्याचं रजिस्ट्रेशन असं तपासा

बे एरियात आपली मंडळी घर घेतात ती सनीवेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट, सॅन होजे या पट्ट्यात, आणि तिथली बरीचशी घरं १९५० ते १९७५ च्या आसपास बांधलेली. शाळा चांगली, प्लॉट बरा, घर मात्र जुनं, मग एस्क्रो क्लोज झालं, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा झाला, की चावी हातात यायच्या आधीच रिमॉडेलचे प्लॅन सुरू होतात. छताला ते दाणेदार पॉपकॉर्न असतं ते खरवडून टाकायचं, कार्पेटखालच्या टाइल्स उखडायच्या, हीटरचे डक्ट बदलायचे. आणि या तिन्ही ठिकाणी ॲस्बेस्टॉस असू शकतं. हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण ते काढणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला राज्य सरकारकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, आणि ते रजिस्ट्रेशन आपण घरबसल्या पाच-दहा मिनिटांत तपासू शकतो, हे फार कमी जणांना माहीत असतं असा माझा अनुभव आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण यात पैशापेक्षा घरातल्या पोरांच्या फुफ्फुसांचा प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट बोलून घेतो कारण दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "अरे आमचं सगळं बालपण सिमेंटच्या पत्र्याखाली गेलं, काय झालं आम्हाला?" बरोबर आहे, भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे सर्रास वापरतात, गावच्या घरावर, गोठ्यावर, शेडवर. पण पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, तो पत्रा कापला, फोडला, घासला तर धोका वाढतो. पॉपकॉर्न सीलिंग त्याच्या अगदी उलट, नखाने दाबलं तरी भुगा पडतो. हा भुगा हवेत गेला की तंतू इतके बारीक असतात की डोळ्याला दिसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात, आणि त्यातून होणारे आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा, हे बहुधा वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतात. त्यामुळे "काय झालं आम्हाला" याचं उत्तर आज मिळत नसतं. आणि पत्र्याखाली राहणारा आणि पत्रे बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा यांचा धोकाही सारखा नाही. भारतात सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ॲस्बेस्टॉस कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी आणि भरपाईबद्दल आदेश दिले होते, तेव्हा तिकडे काही होत नाही असंही नाही.

आता मुद्द्यावर.

तुमचं काम कायद्यात बसतं का

कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडमध्ये ६५०१.५ नावाचं कलम आहे, आणि १ जानेवारी १९८७ पासून ज्या कोणा कॉन्ट्रॅक्टरला किंवा कामगार ठेवणाऱ्या एम्प्लॉयरला १०० स्क्वेअर फूट किंवा त्याहून जास्त ॲस्बेस्टॉसवालं मटेरियल काढायचंय, फोडायचंय, हलवायचंय त्याने डॉशकडे रजिस्टर व्हायलाच पाहिजे. डॉश म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणारा राज्याचा विभाग, ज्याला सगळे कॅल-ओशा म्हणतात तोच. हे १०० स्क्वेअर फूट ऐकायला मोठं वाटतं पण हिशोब करा, दहा बाय दहाची एक खोली म्हणजे छताचे १०० झालेच. म्हणजे एका लहान बेडरूमचं पॉपकॉर्न काढायचं तरी तुम्ही कायद्याच्या आत आलात, अख्ख्या घराचं तर विचारूच नका.

इथे एक चलाखी चालते ती ओळखून ठेवा. काही जण सांगतात की आपण आज नव्वद फूट करू, उरलेलं पुढच्या महिन्यात करू, म्हणजे रजिस्ट्रेशनची भानगड नको. असं बोलणारा माणूस तुम्हाला एकच गोष्ट सांगतोय, की त्याला कायदा माहीत आहे आणि तो पाळायचा नाहीये. त्याला तिथेच नमस्कार करून वाटेला लावा. आणि खरोखरच १०० च्या खालचं काम असलं, समजा बाथरूमच्या फक्त वीस फूट टाइल्स, तरी रजिस्ट्रेशनची अट लागू होत नाही एवढंच, कामगारांच्या सुरक्षेचे बाकीचे नियम, ट्रेनिंग, मास्क, ओलं करून काढणं, हे सगळं तसंच राहतं.

दुसरा आकडा टक्केवारीचा. फेडरल नियमांत १ टक्क्याच्या वर ॲस्बेस्टॉस असेल तर ते ॲस्बेस्टॉसवालं मटेरियल, पण कॅलिफोर्नियाचा हा कॉन्ट्रॅक्टर रजिस्ट्रेशनचा कायदा ०.१ टक्का धरतो, म्हणजे दहापट कडक. याचा प्रत्यक्षात फरक असा पडतो की लॅबच्या रिपोर्टवर "१ टक्क्याहून कमी" किंवा "ट्रेस" असं लिहून येतं, आणि हँडीमन तो कागद बघून म्हणतो चला क्लीन आहे, उद्यापासून सुरू करू. क्लीन नाहीये. अशा वेळी लॅबला सांगून पॉइंट काउंट, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजून टक्केवारी काढायची टेस्ट, करून घ्यायचा, आणि तोही १००० पॉइंटचा, कारण ४०० पॉइंटवाला ०.२५ टक्क्यापर्यंतच सांगू शकतो, ०.१ टक्का बघायला १००० पॉइंट लागतात. ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या भिंतींच्या, जोडांत भरलेल्या जॉइंट कंपाउंडमध्ये हा प्रकार हमखास होतो.

आधी टेस्ट, मग कॉन्ट्रॅक्टर

टेस्ट करणारा आणि काढणारा हे दोघे वेगळे पाहिजेत. हे फक्त माझं मत नाही, कॅलिफोर्नियात ॲस्बेस्टॉस कन्सल्टंटला त्याच प्रोजेक्टवर काम करणाऱ्या काढणाऱ्या कंपनीत आर्थिक हितसंबंध ठेवता येत नाही. कन्सल्टंटलाही डॉशचं सर्टिफिकेट लागतं, त्याला सर्टिफाइड ॲस्बेस्टॉस कन्सल्टंट म्हणतात, लोक बोलताना सीएसी म्हणतात, आणि त्याच्या हाताखाली साइटवर लक्ष ठेवणारा असतो तो साइट सर्व्हेलन्स टेक्निशियन. या दोघांच्याही याद्या डॉशकडे आहेत, तेव्हा होम इन्स्पेक्टरने सांगितलं की "मे कंटेन ॲस्बेस्टॉस" तर तेवढ्यावर थांबू नका. होम इन्स्पेक्टर फक्त शक्यता सांगतो, नमुना तो घेत नाही.

कन्सल्टंट चांगला आहे की नाही हे नमुने घेतानाच कळतं. छतासारख्या फवारलेल्या मटेरियलसाठी एक ठरलेली पद्धत आहे, एकसारखं दिसणारं क्षेत्र १००० स्क्वेअर फुटांच्या आत असेल तर तीन नमुने, १००० ते ५००० असेल तर पाच, त्याच्या वर सात. जो माणूस येतो, हॉलच्या छताचा एक तुकडा घेतो आणि निघतो, त्याचं काम अर्धवट आहे. चांगला माणूस आधी पाण्याच्या स्प्रेने ती जागा ओली करतो, खाली प्लॅस्टिक धरतो, छोटासा तुकडा पिशवीत टाकून लगेच सील करतो, हत्यार पुसतो, उघड्या पडलेल्या जागेवर काहीतरी लावून बंद करतो आणि प्रत्येक पिशवीवर खोली आणि जागा लिहितो. छताला नंतर रंग दिलेला असेल तर त्याला सांगा, कारण काढणाऱ्याला त्याचा मोठा फरक पडतो, रंग दिलेल्या पॉपकॉर्नमध्ये पाणी मुरत नाही आणि कोरडं खरवडलं की धूळच धूळ.

काय काय तपासून घ्यायचं? छत, नऊ इंच बाय नऊ इंचाच्या विनाइल टाइल्स आणि त्यांच्याखालचा काळा गोंद, जुन्या शीट विनाइलचा मागचा कागदी थर, हीटरच्या डक्टच्या जोडांवरची पांढरी पट्टी, ड्रायवॉलचे जॉइंट, पोटमाळ्यावर दाणेदार व्हर्मिक्युलाइट असेल तर ते. ज्यांनी आइखलर घर घेतलंय, आणि सनीवेल-पालो आल्टोकडे ती बरीच आहेत, त्यांनी जमिनीकडे जास्त लक्ष द्या. त्या घरांना छत सहसा लाकडाचं असतं, पॉपकॉर्न नसतं, पण काँक्रीटच्या स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप आणि वर त्या काळातल्या टाइल्स, अशी त्यांची रचना, आणि टाइल्स ग्राइंडरने घासून काढताना ॲस्बेस्टॉसचा प्रश्न येतोच, वर पाइपला धक्का लागायची भीतीही असते.

"आमचं घर १९८१ चं आहे, आम्हाला लागू नाही" असं धरून चालू नका. फवारून लावायच्या सजावटीच्या ॲस्बेस्टॉसवर १९७८ मध्ये बंदी आली, पण दुकानांत-गोदामांत शिल्लक असलेला माल पुढेही वापरला गेला. आणि टाइल्स, गोंद, सिमेंटच्या वस्तू यांच्यावर तर तेव्हा बंदी नव्हतीच, १९८९ ची मोठी फेडरल बंदी कोर्टाने १९९१ मध्ये बहुतांश रद्द केली. तेव्हा वर्ष बघून अंदाज करू नका, टेस्ट करा, काही नमुन्यांचा खर्च रिमॉडेलच्या बजेटपुढे काहीच नाही.

रिपोर्टमध्ये ॲस्बेस्टॉस निघालं म्हणजे ते काढायलाच पाहिजे असंही नाही. धड असलेल्या, न फुटलेल्या टाइल्सवर दुसरं फ्लोअरिंग घालता येतं. जे हलवत नाही, फोडत नाही ते तंतू सोडत नाही. पण छतावर नवीन ड्रायवॉल ठोकायचा म्हणजे शेकडो स्क्रू त्या पॉपकॉर्नमधून जाणार, तेव्हा "झाकतोय फक्त" म्हणून नियम टळत नाहीत.

दोन नंबर, दोन्ही तपासायचे

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून नीट वाचा. कॉन्ट्रॅक्टर सांगतो "आय ॲम लायसन्स्ड", आणि ते खरंही असतं, पण कशाचं लायसन्स? गाडीचं लायसन्स असलं म्हणून केमिकलचा टँकर चालवता येत नाही, तसंच आहे हे.

पहिला नंबर सीएसएलबीचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाचा. त्यांच्या साइटवर लायसन्स चेक करायचं पान आहे, तिथे नंबर टाकला की सगळी कुंडली बाहेर येते. त्यात बघायचं क्लासिफिकेशन. सी-२२ लिहिलेलं असेल तर तो ॲस्बेस्टॉस ॲबेटमेंट, म्हणजे ॲस्बेस्टॉस काढायच्या कामाचा, कॉन्ट्रॅक्टर. सी-२२ नसेल पण त्याच्या दुसऱ्या लायसन्सबरोबर ॲस्बेस्टॉस सर्टिफिकेशन असेल तर त्याला त्या त्याच्या धंद्याच्या कामाच्या हद्दीतच ॲस्बेस्टॉस काढता येतं, म्हणजे फ्लोअरिंगवाला टाइल्सपुरता. जनरल कॉन्ट्रॅक्टरचं बी लायसन्स एकटं असेल तर त्याला हे काम स्वतः करता येत नाही. मात्र तो अख्ख्या रिमॉडेलचं काम घेऊन ॲस्बेस्टॉसचा भाग सर्टिफाइड आणि रजिस्टर्ड सबकॉन्ट्रॅक्टरकडून करून घेऊ शकतो, ते कायद्याला मान्य आहे. मग तुम्ही तपासायचं ते त्या सबचं, जनरलचं नाही. "माझा माणूस आहे, तो करतो" एवढ्यावर सोडायचं नाही, त्या माणसाच्या कंपनीचं नाव आणि दोन्ही नंबर लेखी मागायचे.

त्याच पानावर खाली बाँड, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने ठेवलेली हमी, आणि वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगाराचा विमा, दिसतं. बाँड २५,००० डॉलर्सचा असतो, २०२३ पासून. वर्कर्स कॉम्पकडे मात्र बारकाईने बघा. बऱ्याच छोट्या कॉन्ट्रॅक्टरांच्या पानावर "एम्प्लॉयी नाहीत म्हणून सूट" असं असतं, आणि बाकी काही धंद्यांत ते चालतं, पण सी-२२ वाल्याला १ जानेवारी २०२३ पासून कामगार असोत नसोत वर्कर्स कॉम्प लागतंच. सी-२२ आणि सूट हे दोन्ही एकत्र दिसलं तर काहीतरी गडबड आहे. आणि याची काळजी तुम्हाला का असावी, तर लायसन्स नसलेल्याकडून काम करून घेतलं आणि कोणी शिडीवरून पडला तर कायद्याने तुम्हालाच त्याचा एम्प्लॉयर धरलं जाऊ शकतं.

दुसरा नंबर डॉशच्या रजिस्ट्रेशनचा. हा सीएसएलबीच्या लायसन्सपेक्षा वेगळा, वेगळ्या ऑफिसचा. डिपार्टमेंट ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्सच्या साइटवर कॅल-ओशाच्या विभागात ॲस्बेस्टॉस कॉन्ट्रॅक्टर रजिस्ट्रेशनची यादी आहे, त्यात कंपनीचं नाव, नंबर आणि मुदत दिसते. हे रजिस्ट्रेशन एका वर्षाचंच असतं, दर वर्षी नवीन करावं लागतं, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मित्राच्या घरी उत्तम काम केलं म्हणून आज ते चालू असेलच असं नाही. मुदतीची तारीख बघताना आजच्या तारखेशी ताडू नका, तुमचं काम संपायच्या तारखेशी ताडा. एखाद्याची मुदत पंधरा दिवसांत संपतेय आणि तुमचं काम पुढच्या महिन्यात आहे, तर त्याला सरळ विचारा की रिन्यूअल टाकलंय का, आणि नवीन कागद आल्याशिवाय सुरुवातीची तारीख देऊ नका.

हे रजिस्ट्रेशन म्हणजे नुसता फी भरून मिळणारा कागद नाही, म्हणून मी त्यावर एवढा जोर देतोय. ते मिळवायला कॉन्ट्रॅक्टरला दाखवावं लागतं की त्याच्याकडे सीएसएलबीचं ॲस्बेस्टॉस सर्टिफिकेशन आहे, कामगारांच्या कायद्याने सांगितलेल्या मेडिकल तपासण्यांचा खर्च भागतो, वर्कर्स कॉम्पची सोय आहे, सगळे कामगार ट्रेनिंग घेतलेले आहेत आणि काम सुरक्षित करायला लागणारं सामान आणि कसब त्याच्याकडे आहे. कामगाराचं ट्रेनिंग ३२ तासांचं, सुपरवायझरचं ४० तासांचं, आणि दर वर्षी रिफ्रेशर. होम डेपोच्या पार्किंगमधून सकाळी उचलून आणलेल्या दोन पोरांकडे यातलं काही नसतं, आणि त्या पोरांनाही आयुष्यभराचा आजार आपण आपल्या छतासाठी देतोय याचा विचार करा. स्वस्त पडतं ते कोणाच्या तरी जिवावर स्वस्त पडतं.

नावं जुळवा

मी प्रत्येकाला हेच एक सांगतो. नंबर खरा आहे एवढ्याने भागत नाही, नाव जुळलं पाहिजे. सीएसएलबीच्या पानावरचं कंपनीचं नाव, डॉशच्या यादीतलं नाव, तुमच्या कॉन्ट्रॅक्टवरचं नाव, इन्शुरन्स सर्टिफिकेटवरचं नाव, चेक ज्याच्या नावे द्यायचाय ते नाव, ही पाचही एकच असली पाहिजेत, अगदी इंक आणि एलएलसीच्या फरकासकट. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला जो एस्टिमेट मिळाला त्याच्यावर डॉशचा नंबर व्यवस्थित छापलेला होता, यादीत तपासला तर चालूही होता, पण तो दुसऱ्याच कंपनीचा, आणि एस्टिमेट देणारा म्हणाला की ती माझ्या भावाची कंपनी, एकच आहे आमचं. त्यांनी काम दिलं नाही, आणि बरोबर केलं, कारण भावाच्या रजिस्ट्रेशनवर दुसऱ्या कंपनीला काम करता येत नाही.

कॉन्ट्रॅक्ट लेखी पाहिजे. ॲडव्हान्स १,००० डॉलर्स किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढाच, त्याच्या वर मागणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, मग कारण काहीही देऊ दे. कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणत्या खोल्या, किती स्क्वेअर फूट, कोणतं मटेरियल, काढल्यावर छत कुठल्या अवस्थेत मिळणार, क्लिअरन्स टेस्ट, म्हणजे काम संपल्यावरची हवेची टेस्ट, कोण करणार आणि ती फेल झाली तर परत साफ करायचा खर्च कोणाचा, कचऱ्याचा मॅनिफेस्ट, म्हणजे तो कुठून कुठे गेला याचा कागद, तुम्हाला देणार का, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा हप्ता क्लिअरन्स रिपोर्ट हातात आल्यावरच, हेही त्यातच.

काम सुरू व्हायच्या आधी कोणाकोणाला कळवायचं

कळवायचं काम कॉन्ट्रॅक्टरचं, पण त्याची कॉपी मागायचं काम तुमचं.

डॉशला प्रत्येक कामाची नोटीस जावी लागते, काम सुरू व्हायच्या किमान २४ तास आधी, जवळच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसला. त्या नोटिशीत पत्ता, घरात नेमकं कुठे काम आहे, सुरू आणि संपायची तारीख, जबाबदार सुपरवायझरचं नाव, एअर सॅम्पलिंग कोण बघणार, अंदाजे किती कामगार आणि कामाची पद्धत हे असतं. ती कॉपी मागितली की दोन मिनिटांत कळतं माणूस कसा आहे, खरा असतो तो लगेच ईमेल करतो. आणि त्या कॉपीवर ज्या सुपरवायझरचं नाव आहे तो माणूस कामाच्या दिवशी तुमच्या घरी दिसला पाहिजे.

दुसरं एअर डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारं सरकारी ऑफिस. बे एरियात त्यांच्या ११-२ नियमाखाली १०० स्क्वेअर फूट, १०० लिनियर फूट किंवा ३५ क्युबिक फूट आणि त्यावरच्या कामाची आगाऊ नोटीस लागते आणि त्याचा एक जॉब नंबर मिळतो, त्याला सगळे जे नंबर म्हणतात. पूर्ण घर पाडायचं असेल तर ॲस्बेस्टॉस नसलं तरी ही नोटीस लागते, आणि सिटीचं डिमॉलिशन परमिट त्या जे नंबरशिवाय निघत नाही, तेव्हा घर पाडून नवं बांधणाऱ्यांनी हे आधीच कॅलेंडरमध्ये धरा नाहीतर बिल्डर रिकामा बसून राहतो. लॉस एंजेलिस, ऑरेंज काउंटीकडच्या लोकांना साउथ कोस्ट एअर डिस्ट्रिक्टचा १४०३ नियम, तिथे रिनोव्हेशनच्या आधी सर्व्हेच सक्तीचा आहे. फेडरल नियमात चार किंवा कमी युनिटच्या राहत्या घरांना सूट आहे, आणि काही कॉन्ट्रॅक्टर तोच नियम दाखवून "घराला लागत नाही" म्हणतात. फेडरलला लागत नसेल, पण इथला लोकल नियम लागतो.

कामाच्या दिवशी काय बघायचं

तुम्ही आत जायचं नाही. बाहेरून जेवढं दिसतं तेवढं पुरेसं असतं.

दारावर पाटी पाहिजे, डेंजर, ॲस्बेस्टॉस, आत येऊ नका अशी, वीस फुटांवरून वाचता येईल एवढी मोठी. रजिस्ट्रेशनची कॉपी साइटवर पाहिजे, आणि काम सुरू करायच्या आधी मालक, कॉन्ट्रॅक्टर आणि कामगार यांची एक सेफ्टी मीटिंग व्हायला पाहिजे, तिला हजर राहा, दहा मिनिटांचं काम आहे, तेव्हाच विचारा काय विचारायचं ते. हीटर-एसी बंद, व्हेंट्स प्लॅस्टिकने सील. खोलीला ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड प्लॅस्टिक लावून आतली हवा हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरच्या मशीनने बाहेर ओढत असतात, म्हणजे आत दाब कमी राहतो आणि तंतू बाकीच्या घरात येत नाहीत. हे चालू आहे का ते बघायची सोपी खूण म्हणजे प्लॅस्टिकच्या भिंती आणि दाराचा पडदा, ते आतल्या बाजूला ओढल्यासारखे फुगलेले दिसले पाहिजेत. पडदा सरळ लोंबतोय किंवा तुमच्याकडे बाहेर फुगतोय तर मशीन बंद पडलंय किंवा कुठेतरी फाटलंय, तिथेच सुपरवायझरला हाक मारा. कामगार आतल्या कपड्यांवरच बाहेर येऊन गाडीत पाणी प्यायला बसत असतील तर तेही चूक, बाहेर यायच्या वाटेवर कपडे काढायची जागा, शॉवर आणि स्वच्छ खोली अशी रचना असते. आणि आतून कोरडं खरवडल्याचा खर्र-खर्र आवाज आणि पडद्याच्या फटीतून पांढरी धूळ दिसली तर काम थांबवायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

संपल्यावर आधी नजरेने तपासणी आणि मग हवेची टेस्ट, ती तुमच्या कन्सल्टंटकडून, काढणाऱ्याकडून नाही. घरांसाठी साधारण ०.०१ फायबर प्रति सीसी, म्हणजे एक घनसेंटिमीटर हवेमागे ०.०१ तंतू, हा आकडा क्लिअरन्सला धरतात. कामगारांसाठी आठ तासांची जी कायदेशीर मर्यादा आहे ती ०.१ आहे, म्हणजे दहापट जास्त, तेव्हा कोणी ०.०८ चा रिपोर्ट दाखवून "लिमिटच्या आत आहे" म्हणालं तर तो कामगाराच्या मर्यादेबद्दल बोलतोय, तुमच्या बाळाच्या झोपायच्या खोलीबद्दल नाही.

कचरा लेबल लावलेल्या जाड पिशव्यांत दुहेरी बांधून जातो, आणि भुगा होणारं १ टक्क्याच्या वरचं ॲस्बेस्टॉस कॅलिफोर्नियात घातक कचरा धरलं जातं, त्याचा मॅनिफेस्ट असतो. त्यावर तुमच्या घराचा पत्ता असतो, तेव्हा लँडफिलने सही करून परत पाठवलेली कॉपी मागून घ्या. तुमच्या पत्त्याचा कचरा कुठे रस्त्याच्या कडेला सापडला तर तुमच्याकडे तोच एक कागद असेल. सर्व्हे, लॅब रिपोर्ट, दोन्ही लायसन्सची त्या दिवशीची प्रिंट, नोटिशी, क्लिअरन्स, मॅनिफेस्ट हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा, पुढे घर विकताना डिस्क्लोजरच्या फॉर्मवर ॲस्बेस्टॉसचा प्रश्न नाव घेऊन विचारलेला असतो आणि खरेदीदाराचा एजंट कागद मागतोच.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे. न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कमध्ये लायसन्स त्या त्या राज्याच्या लेबर डिपार्टमेंटचं, न्यू यॉर्कचे नियम कोड रूल ५६ मध्ये आहेत, टेक्सासमध्ये हेल्थ सर्व्हिसेस डिपार्टमेंट बघतं. तिथल्या मर्यादा आणि घरांना असलेल्या सवलती इथल्यासारख्या नाहीत, तेव्हा वरचे आकडे तिकडे लावू नका, तपासायची रीत मात्र तीच, राज्याच्या साइटवरची यादी, मुदत आणि नावं जुळवणं.

आता समजा हे वाचेपर्यंत उशीर झालाय, हँडीमनने टेस्ट न करता छत खरवडायला घेतलंय आणि घरभर पांढरं झालंय. काम लगेच थांबवा, हीटर आणि पंखे बंद करा, त्या खोलीचं दार लावून खालची फट ओल्या टॉवेलने बुजवा, मुलांना घेऊन बाहेर पडा. झाडू मारू नका आणि घरचा व्हॅक्युम तर मुळीच लावू नका, साधा फिल्टर हे तंतू अडवत नाही, ते मागच्या बाजूने परत हवेत फेकतो. बाहेर येताना अंगावरचे कपडे न झटकता पिशवीत बांधा आणि अंघोळ करा. मग सर्टिफाइड कन्सल्टंटला फोन करा, पडलेल्या भुग्याचा नमुना तोच घेईल, आणि ॲस्बेस्टॉस निघालं तर साफसफाईही रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यावी लागेल. तक्रार करायची तर लायसन्सबद्दल सीएसएलबीकडे, कामगारांच्या सुरक्षेबद्दल कॅल-ओशाच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसला, आणि धूळ किंवा कचरा बाहेर गेला असेल तर एअर डिस्ट्रिक्टला. सर्टिफिकेशन नसताना हे काम करणं इथे गुन्हा आहे, तेव्हा त्या माणसाचे मेसेज, एस्टिमेट, दिलेल्या पैशांचा पुरावा डिलीट करू नका, आणि फोटो काढायचे तर ते बाहेरून, खिडकीतून काढा.